हॉइटला विचारून सांगते

"हॉइटला विचारा ना," रँडल स्पिव्ही म्हणाला. बोटीचा पंखा त्याने काउंटरवर ठेवला होता. बोलत होता नेल्डाशी, पण नजर तिच्या खांद्यावरून मागच्या खोलीच्या दाराकडे लागलेली. "दोन माणसं, माशांची टाकी भरलेली, पेट्रोल काठोकाठ. अशी बोट पाण्यावर चढायला सात-आठ सेकंद घेते, मिस नेल्डा. नाक आभाळाकडे करते आणि चिखलात बसलेल्या गाईसारखी उठायचं नाव घेत नाही."

"मासे कुठे धरतोस?"

"मिल क्रीकच्या ओढ्यात, पार आत. गवतात. तिथून बाहेर पडताना मोटर चालेल इतकं पाणी जेमतेम दोनशे फूट. पुढे गाळाचा उंचवटा. तिथवर बोट वर आली नाही तर पंखा गाळात रुतला म्हणून समजा."

"बॅटऱ्या किती?"

"चार. सगळ्या मागे."

नेल्डाने पंखा उचलून उजेडात धरला. तीन पात्यांचा, पंचवीस पिचचा, म्हणजे एका फेरीत पंचवीस इंच पुढे सरकणारा. सरळ खुल्या पाण्यात पळणाऱ्यासाठी ठीक. या माणसाला तो कुणी विकला असेल, हा विचार तिच्या मनात येऊन गेला. त्याला कुठला पंखा हवा, हे तिला त्याच्या दुसऱ्याच वाक्याला कळलं होतं. तिने पंखा खाली ठेवला, फडक्याला हात पुसले.

"थांब. हॉइटला विचारून सांगते."

मागच्या खोलीत हॉइट खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसला होता. सहा वर्षांपूर्वीच्या झटक्याने त्याची उजवी बाजू गेली आणि वाचाही. राहिले ते फक्त दोन शब्द. नेल्डाने त्याच्या मांडीवरची घसरलेली शाल नीट केली, नळीने दोन घोट पाणी पाजलं, हनुवटी टिपली.

"रँडल आलाय. गवतातून निघायचंय आणि पंचवीसचा पंखा लावून फिरतोय. काय म्हणावं या माणसाला?"

"हो ना," हॉइट म्हणाला.

मग ती उगीच उभी राहिली. मनातल्या मनात तीस आकडे मोजले. एवढा वेळ लागलाच पाहिजे, नाहीतर लोकांना खरं वाटत नाही, हे तिला अनुभवाने कळलं होतं.

"हॉइट म्हणतो, चार पात्यांचा लाव, तेवीसचा," बाहेर येऊन तिने सांगितलं. "वरचा वेग तीनेक मैलांनी कमी होईल. पण तुला तो काय करायचाय? मोटर बसवायच्या पट्टीवर ती एक भोक खाली घे, म्हणजे उठताना पंख्याला पाणी धरता येईल. दोन बॅटऱ्या पुढे ने. आणि पात्यांच्या मुळाशी ही बारीक भोकं आहेत ना, त्यांत मोठ्या छिद्राची बुचं बसव. सुरुवातीला पात्यांवर धुराचे बुडबुडे येऊ देत. पंखा क्षणभर घसरतो, मोटर मोकळी होऊन फिरते आणि मग एकदम पकड घेते."

रँडलने सगळं तळहातावर पेनने लिहून घेतलं. मग दारातून आत डोकं घालून तो मोठ्याने म्हणाला, "चार पाती ना, हॉइट?"

"हो ना."

"बघा," रँडल खूश होऊन नेल्डाकडे वळला. "वाचा गेली, पण डोकं कसं लख्ख आहे माणसाचं."

ब्रायर फेरी गावी नदीच्या धक्क्याजवळ हे दुकान हॉइटच्या बापाने घातलं होतं. नेल्डा तिथे सून म्हणून आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. हॉइटच्या हातात कला होती, यात वाद नाही. दगडावर आपटून कागदासारखं मुडपलेलं पातं तो लोखंडी ठोकळ्यावर ठेवून असं ठोकून आणायचा, की कुठे वाकलं होतं ते दाखवता येऊ नये. पण कुठल्या बोटीला कुठला पंखा, हे त्याला कधी जमलं नाही. पहिल्या वर्षापासून तो बोट चालवायचा आणि नेल्डा शेजारी बसून हातातल्या घड्याळावर वेळ घ्यायची, वहीत टिपायची. दोन उन्हाळ्यांत तिला घड्याळाची गरज उरली नाही. नळाखाली लावलेली घागर किती भरली हे पाठमोऱ्या बाईला आवाजावरून कळतं, तसं तिला मोटरीच्या आवाजावरून कळायचं: इथे पंखा जड झाला, इथे पाणी सुटलं, इथे वजन मागे बसलंय. रात्रीच्या जेवणाला ती हॉइटला सांगायची, सकाळी हॉइट गिऱ्हाइकाला सांगायचा.

एकदाच, लग्नाच्या नवव्या वर्षी, तो गिऱ्हाइकासमोर चुकीचा आकडा बोलला आणि तिने तिथेच दुरुस्त केलं. गिऱ्हाईक हसलं. हॉइटही हसला. नंतर चार दिवस तो तिच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी गाडीत समोर बघत म्हणाला, "तुला जे सांगायचंय ते घरी सांग. चारचौघांत नको."

तिने घरी सांगायला सुरुवात केली. वाईट माणूस नव्हता तो. तिच्या आईच्या आजारपणात त्याने रात्री जागवल्या होत्या. पण वर्षं गेली तसं, आपल्याला कोण सांगतं हे तो विसरत गेला. एका नाताळात मित्रांना तो म्हणाला, "मला आतूनच कळतं बघा, कसं ते सांगता नाही येणार." तेव्हा नेल्डा त्यांच्या पेल्यांत बर्फ घालत होती. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

झटका आल्यानंतर पहिल्या उन्हाळ्यात तिने सरळ स्वतःच्या तोंडाने सल्ला द्यायला सुरुवात केली होती. पहिला माणूस म्हणाला, हॉइट बरा झाला की येतो. दुसरा म्हणाला, बघतो. तिसऱ्याने तर तिच्या देखत पंखा काखोटीला मारला आणि चाळीस मैलांवरच्या डीलरकडे गाडी वळवली. चौथ्याला ती म्हणाली, थांबा, हॉइटला विचारून सांगते. चौथा थांबला.

रँडलची बोट पंखा बदलल्यावर पाण्यात उतरवली तेव्हा नेल्डा सोबत गेली. "हॉइटला आकडे हवेत," असं सांगितल्यावर त्यालाही ते रास्त वाटलं. माशांची टाकी भरून घ्यायला लावली. रँडलचा मेहुणा वजनाला मागे बसला. पहिल्या खेपेला पाच सेकंद. नेल्डाने डोळे मिटले होते.

"मोटर आत ओढून घेतोस ना निघताना?"

"घेतो की."

"पूर्ण नाही घेत. अजून थोडी आत. बोट वर आली की मग बाहेर सोड. आणि निघताना एकदम पूर्ण वेग दे, चाचपडू नकोस."

दुसऱ्या वेळी चारच्या आत. बोटीचं नाक उठलं, न उठल्यासारखं, आणि खालचं पाणी एकदम गुळगुळीत झालं. तेवढ्या एका गोष्टीसाठी ती इतकी वर्षं या धंद्यात होती, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"हॉइटने कमाल केली," रँडल वाऱ्यात ओरडला.

ऑक्टोबरच्या मासेमारीच्या स्पर्धेत तीन वाजता मासे वजनाला आणायचे होते. एक मिनिट उशीर झाला की वजनातून एक पौंड कापतात. तीनला वीस मिनिटं कमी असताना रँडलला मिल क्रीकच्या आत सहा पौंडांचा मासा लागला. दोनशे फुटांत बोट वर घेऊन, गाळावरून वीतभर पाण्यातून निघून तो वेळेत पोचला आणि पहिला आला. बक्षीस घेताना त्याने माइकवर हॉइटचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी पेपरच्या बातमीदाराला घेऊन दुकानात आला. हॉइटच्या मांडीवर तो चार पात्यांचा पंखा ठेवला, शेजारी आपण उभा राहिला. छापून आलेल्या फोटोत खुर्चीच्या मुठीवर एक हात दिसत होता, मनगटापर्यंत. नेल्डाने अंगठीवरून ओळखला. फोटो तिने कापून भिंतीला लावला, कारण लोक तो कुठे आहे म्हणून विचारणारच होते.

फेब्रुवारीत हॉइट झोपेतच गेला.

चर्चमध्ये बसायला जागा उरली नाही. हॉइटची बहीण इमोजीन नेल्डाच्या शेजारी पहिल्या बाकावर होती. पाद्री बोलले, मग रँडल बोलायला उठला. कोट त्याला दंडांत घट्ट होत होता.

"या नदीवरच्या अर्ध्या बोटी हॉइटने पायावर उभ्या केल्या," तो म्हणाला. लोक ओल्या डोळ्यांनी हसले. "माणूस खुर्चीत, तोंडातून दोन शब्द. पण मिस नेल्डा त्याच्या कानाशी जाऊन विचारायच्या आणि उत्तर घेऊन यायच्या. उत्तर कधी चुकलं नाही. अशी बायको मिळणं हेही त्याचं भाग्य."

सगळ्यांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. नेल्डाला रडू येत होतं आणि ते कशाचं येतंय ते तिला कळेना. चौतीस वर्षं सोबत राहिलेला माणूस पेटीत होता. त्याच्यासाठी रडावं तर मध्येच आपला आवाज ऐकू यायचा: चार पात्यांचा, तेवीसचा. त्या पेटीतल्या माणसाचा हेवा वाटावा याची तिला लाज वाटली. इमोजीनने तिचा हात धरला. तिला तोही नकोसा झाला.

मार्च उजाडला. नदी तापायला लागली, धक्क्यावर बोटींच्या गाड्यांची रांग लागली. नेल्डा रोज सात वाजता दुकान उघडायची. लोक आत यायचे, टोपी काढायचे, हॉइट फार चांगला माणूस होता म्हणायचे आणि जायचे. कुणी आठवण म्हणून त्याचा एखादा हातोडा मागायचे. पंखे कुणी आणले नाहीत. आपण असंच शिकवलं लोकांना, असं ती एकटी बसून म्हणायची. सहा वर्षं रोज शिकवलं.

मे महिन्यात रँडलने नवी बोट घेतली. अडीचशे घोड्यांची मोटर, त्या एप्रिलमध्येच बाजारात आलेली. त्याने ती धक्क्यावरून सोडली तेव्हा नेल्डा दुकानात खिडकी पुसत होती. तिने तिकडे पाहिलं नाही, फक्त हात थांबला. मोटर गुरगुरली, चढू लागली आणि मधेच गुदमरून तिथेच घुटमळली. बऱ्याच वेळाने बोट वर आली. तासाभराने रँडल दुकानात आला, टोपी हातात घेऊन.

"मिस नेल्डा, राग मानू नका. हॉइटच्या वह्यांसाठी आलो होतो. इथे पडून वाळवी लागायची. डीलरकडचा पोरगा सगळं कॉम्प्युटरवर चढवून देईन म्हणतो. लोकांच्या उपयोगी येईल."

"तुला डीलरने सव्वीसचा पंखा दिलाय का?"

रँडल थबकला. "हो. कुणी सांगितलं?"

"इथून ऐकला. मोटर मिनिटाला पाच हजार फेऱ्यांवरच अडकते तुझी. चार पात्यांचा चोवीसचा लाव. पात्यांच्या कडेला थोडा जास्त बाक देऊन घे, नाहीतर वळणावर पाणी सोडेल. मोटर पाऊण इंच खाली घे. त्यांनी फार वर बसवलीय."

या वेळी त्याने तळहातावर काही लिहिलं नाही. नुसता मायेने बघत राहिला.

"इतकी वर्षं त्याच्याजवळ राहून तुमच्याही कानावर पडलंच असणार."

नेल्डाने काउंटरखालून एक वही काढून त्याच्यापुढे उघडली. "हे अक्षर कुणाचं आहे?"

"तुमचं. तो सांगायचा, तुम्ही उतरवून घ्यायच्या. म्हणूनच तर म्हणतो, केवढा ठेवा आहे हा."

"रँडल, तुझा तेवीसचा मी सांगितला होता. हॉइटने नाही. हॉइटला त्यातलं काही कळत नव्हतं, झटक्याच्या आधीही नाही. मी मागे जाऊन तीस आकडे मोजायचे आणि बाहेर यायचे."

इतक्या वर्षांचं वाक्य असं सरळ बाहेर पडलं. रँडलने टोपी काउंटरवर ठेवली. मग त्याने काउंटरवरच्या तिच्या हातावर हात ठेवला.

"माझ्या आईचंही असंच झालं होतं, बाबा गेल्यावर," तो हळू आवाजात म्हणाला. "कधी रागावायची त्यांच्यावर, कधी काही बोलायची. होतं असं. तुम्ही दोघं एकच होतात, मिस नेल्डा. वह्यांची घाई नाही. मन शांत झालं की द्या."

"वह्या माझ्या आहेत. मी देणार नाही."

"बरं बरं," रँडल म्हणाला आणि दार आवाज न करता ओढून घेऊन गेला.

ऑगस्टमध्ये तिने दुकान बंद केलं आणि शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. तिथे सकाळी सहापासून चारशे पोरांचं जेवण व्हायचं. तिथल्या बाया बऱ्या होत्या. मोटरीचा विषय तिथे निघत नसे, हे तिला आवडायचं.

सप्टेंबरच्या अखेरीस चर्चचं सामुदायिक जेवण होतं. तळलेला कॅटफिश, कोबीची कोशिंबीर, मक्याचा पाव, घरोघरची भांडी लांब टेबलावर मांडलेली. नेल्डा कोशिंबीर वाढत होती. पाद्री, रँडल आणि आणखी चार-पाच जण टेबलाच्या टोकाला बसले होते.

"तीन पंखे लावून बघितले डीलरने," रँडल सांगत होता. "तिन्ही फुकट. शेवटी मला आठवलं, मिस नेल्डांनी मेमध्ये हॉइटचं काहीतरी सांगितलं होतं. चोवीसचा, चार पात्यांचा, बाक थोडा जास्त, मोटर पाऊण इंच खाली. केलं तसं. काय सांगू तुम्हाला, बोट अशी उठते की मेहुण्याची टोपी मागच्या मागे गेली. हॉइटने वरून सांगितल्यासारखं."

एकदोघांनी डोळे टिपले.

नेल्डाने पळी भांड्यात ठेवली. "रँडल," ती म्हणाली, "ती मोटर बाजारात एप्रिलमध्ये आली. हॉइट फेब्रुवारीत गेला."

तिला वाटलं, आता तरी कुणी मनातल्या मनात हिशेब करेल. एवढा साधा हिशेब. रँडल तिच्याकडे पाहत होता, आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळला.

"तेच तर म्हणतो मी," तो म्हणाला. "मोटर यायच्या आधीच त्याला ठाऊक होतं."

पाद्र्यांनी मान डोलावली. कुणीतरी हळूच आमेन म्हटलं. नेल्डाने पळी उचलली आणि पुढच्या माणसाला विचारलं, "कोशिंबीर देऊ का थोडी?"

आवराआवरीला स्वयंपाकघरात ती आणि इमोजीन दोघीच राहिल्या. इमोजीन ताटं पुसत होती, तीच ती पुन्हा पुन्हा.

"शाळेत त्याचं गणित मी करून द्यायचे," इमोजीन म्हणाली. "अकरा आणि सात बोटांवर मोजायचा. मला पहिल्यापासून ठाऊक होतं, नेल्डा. तू सांगायला हवं होतंस."

"सांगितलं की. आताच सांगितलं."

"ते ऐकलं मी."

"मग तू का नाही तोंड उघडलंस?"

इमोजीनने ताट ठेवलं, दुसरं घेतलं. तिचे हात हॉइटसारखेच होते, रुंद आणि लालसर. "माझा भाऊ होता तो," ती म्हणाली.

नेल्डा भांड्यांकडे वळली. ओट्यावर रिकामी भांडी एकावर एक रचलेली होती, आणि गावच्या रीतीप्रमाणे प्रत्येकाच्या बुडाला नावाची पट्टी चिकटवलेली. ती एकेक पालथं करून आपलं शोधू लागली. निळ्या काठाचं सापडलं. पट्टीवर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: मिसेस हॉइट प्रुइट. तिने भांडं गरम पाण्याखाली धरलं, आतून घासलं, बाहेरून घासलं. पट्टीचा एक कोपरा किंचित उचलला गेला, पण शाई पक्की होती. मग तिने भांडं कोरडं केलं, काखेत धरलं, इमोजीनला "येते" म्हणाली आणि मागच्या दाराने बाहेर पडली. धक्क्यावर कुणीतरी मोटर चालू करत होतं. तिच्या घराचा रस्ता तिथूनच जायचा, आणि ती तिथूनच गेली.